परतीचा पाऊस आणि घराजवळची टेकडी: पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेली माणसं जून-जुलैमध्ये लोणावळा, ताम्हिणी, माळशेज करून येतात आणि गणपती उठले की पावसाळा संपला असं धरून चालतात. खरं तर पुण्यातला सगळ्यात रमणीय काळ तेव्हाच सुरू होतो. भाद्रपदाचा उत्तरार्ध आणि आश्विनाचे पहिले दिवस, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, हवेत गारवा असतो. पाऊस येऊन-जाऊन असतो, धूळ बसलेली असते आणि टेकड्यांवर फुलांचा हंगाम चालू असतो. हे सगळं घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर मिळतं. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास गाडी अडकवून बसायची काही गरज नाही.

माझं सांगणं एवढंच की एक टेकडी निवडा आणि तिथेच परत परत जा. दर शनिवारी नवं ठिकाण शोधणाऱ्याला या दिवसांतलं फारसं काही दिसत नाही, कारण इथला बदल आठवड्या-आठवड्याने होतो. आज कळी दिसते, पुढच्या खेपेला फूल, त्याच्या पुढच्या खेपेला शेंग. तोच रस्ता पुन्हा चाललं तरच हे ध्यानात येतं.

आधी पावसाचं घड्याळ समजून घ्या

पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात त्याच्या पाच-सहा पट पडतो. सह्याद्रीची धार ओलांडून ढग इकडे येतात तोवर त्यांचं पाणी बरंचसं घाटमाथ्यावरच सांडलेलं असतं. त्यामुळे पुण्यातला जुलै-ऑगस्टचा पाऊस म्हणजे पश्चिमेकडून येणारी भुरभुर. दिवसभर आभाळ राखी, छत्री उघडावी की नको अशी सर, आणि सूर्याचं दर्शन नाही.

सप्टेंबरच्या मध्यानंतर हे चित्र पालटतं. समुद्रावरून येणारं वारं मंदावतं, मधूनमधून कडक ऊन पडतं, जमीन ओलीच असते. मग सकाळी निळंशार आभाळ, दुपारी बारा-एकला कापसासारखे पांढरे ढग, तीन-चारच्या सुमाराला तेच ढग उंच चढून काळे होतात आणि गडगडाट करत कोसळतात. हे ढग बरेचदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतात. पुण्यात नवा आलेला माणूस पश्चिमेकडे, सिंहगडाच्या दिशेला पाहून ‘आभाळ मोकळं आहे’ म्हणतो आणि पाठीमागून हडपसरच्या बाजूने सर त्याला गाठते. म्हणून या दिवसांत बाहेर पडण्याआधी पूर्वेकडे नजर टाकायची सवय लावून घ्या.

जुनी माणसं हे सगळं नक्षत्रांवर मोजतात आणि ते मोजमाप आजही उपयोगी पडतं. सूर्य १३ सप्टेंबरच्या आसपास उत्तरा नक्षत्रात जातो, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात, १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रात. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ असं म्हणतात, म्हणजे उत्तरा बरसल्या तर धान्य इतकं पिकतं की कुत्र्यालाही भाताचं अप्रूप राहत नाही. हस्ताच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात. तो गर्जत येतो, तासाभरात रस्त्याचा ओढा करतो आणि लख्ख उघडतो. तुमच्या सोसायटीत नवरात्रात बायका-मुली पाटावर हत्तीचं चित्र मांडून भोंडल्याचा फेर धरताना दिसल्या, तर तो हत्ती याच हस्ताचा. बोलावलं तर जरूर जा. खिरापत काय आहे ते ओळखायचा खेळ नवख्यांनाही लगेच जमतो.

यावरून दिवस आखायचा नियम सोपा आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधीही बाहेर पडा, फार तर भिजाल. त्यानंतर टेकडीवर जायचं ते सकाळी, सहा ते साडेनऊच्या दरम्यान. दुपार घरासाठी, वाचनासाठी, झोपेसाठी. पाऊस उघडल्यावर संध्याकाळी सपाटीवर, झाडांच्या रस्त्याने एक फेरी.

विजेच्या बाबतीत मात्र हयगय नको. चकाकी दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर हे गणित आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच खाली उतरायला लागा. एकट्या झाडाखाली, टेकडीच्या माथ्यावर किंवा पाण्याच्या कडेला थांबू नका. ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप फोनमध्ये घेऊन ठेवा. ते पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत तयार झालं आहे आणि तुमच्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिसरातल्या विजा दाखवतं. हवामान खात्याचा अंदाजही सकाळी पाहावा. पुण्याचं या खात्याशी जुनं नातं आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि शेजारच्या चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

आपली टेकडी निवडा

चालत किंवा एका बसने जाता येईल अशीच जागा घ्या. कोथरूड, एरंडवणे, पाषाण, गोखलेनगर या भागात राहत असाल तर वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच असलेली ही टेकडी शहरातली सगळ्यात उंच जागा आहे आणि तिला चहूकडून वाटा आहेत. कोथरूडच्या बाजूने एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे चढणारा डांबरी रस्ता, लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूची पायवाट, पाषाणच्या पंचवटीतून, चतुःशृंगीकडून. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे आणि जवळच जुनी दगडाची खाण, जिच्यात या दिवसांत पाणी भरलेलं असतं. फर्ग्युसन कॉलेजच्या मागची हनुमान टेकडी लहान आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोपी. सहकारनगर-धनकवडीकरांसाठी तळजाई, स्वारगेटच्या आसपास राहणाऱ्यांसाठी पर्वती, औंध-बाणेरकरांसाठी बाणेरची टेकडी. पिंपरी-चिंचवडमध्ये निगडीची दुर्गा टेकडी, आणि जरा लांब जायची तयारी असेल तर देहूरोडजवळ घोरावडेश्वर, जिथे वर कोरीव लेणीही आहेत. हडपसर-कॅम्पकडच्यांना चढाचा कंटाळा असेल तर एम्प्रेस गार्डन बघा. जुने, प्रचंड वृक्ष आणि त्यांच्याखालची ओली सावली यासाठी ती बाग मला फार आवडते.

शनिवार-रविवारी खडकवासल्याची चौपाटी आणि सिंहगडाचा रस्ता टाळा. जायचंच असेल तर मधल्या वारी, सकाळी लवकर.

काय घालायचं, काय न्यायचं

पायांत पकड असलेले बूट हवेत, त्यावर तडजोड नाही. आपला काळा कातळ बसाल्टचा आहे आणि पावसाळ्याच्या शेवटी त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. कोरडा दिसणारा दगडही निसरडा निघतो. उतरताना पाऊल आडवं टाका, गवतावर किंवा मुरमावर ठेवा, गुळगुळीत कातळ शक्यतो वगळा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घाला. गवत आता मांडीपर्यंत वाढलेलं असतं, त्यात किडे असतात, आणि क्वचित सापही. मळलेली वाट सोडून गवतात घुसू नका, बसण्याआधी दगड नीट पाहा.

टेकडीवर छत्रीपेक्षा हलका रेनकोट बरा. वारा असतो, आणि हात मोकळे राहतात. फोनसाठी प्लास्टिकची पिशवी, पाण्याची बाटली, एखादं केळं किंवा चिक्की, डोकं पुसायला पंचा. बस्स. पायावर जखम असेल तर पट्टी बांधा आणि साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका याच काळात असतो. एकट्याने आडवाटेला जाऊ नका, आणि अंधार पडायच्या आत खाली या. सकाळी नेहमीचे फिरायला येणारे आजी-आजोबा भरपूर असतात, त्यांच्या वेळा धरल्या की सोबत आपोआप मिळते. वाटेबद्दल त्यांनाच विचारा. टेकडीची त्यांना फार माया असते आणि विचारणारा भेटला की ती माणसं खुलतात.

हळू चाला आणि खाली बघा

टेकडीवर व्यायामासाठी जाणारे झपझप चालतात, तेही चांगलंच. पण या महिन्यात निदान एखादी फेरी अशी करा की एका तासात अर्धा किलोमीटरच चाललात. त्यासाठी उघडा, गवताळ भाग निवडा. पुण्याच्या बऱ्याच टेकड्यांवर एकेकाळी गिरिपुष्पाची लागवड झाली. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, झटपट वाढतं, पण त्याच्या दाटीखाली आपल्या मातीतलं फारसं काही उगवलेलं दिसत नाही. फुलं पाहायची तर गिरिपुष्पाची गर्दी ओलांडून मोकळ्या माळावर या.

सगळ्यात आधी भेटेल तो तेरडा. गुलाबी-जांभळ्या फुलांनी उतारच्या उतार भरतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ऐकली असेल. एकेका फुलाबद्दल ती खरी आहे, पण टेकडीवरचा सगळा तेरडा मिळून काही आठवडे टिकतो, कारण रोज नवी फुलं येत राहतात. कित्येक घरांत भाद्रपदात तेरड्याची रोपं मुळांसकट आणून त्यांचीच गौर बसवतात, इतका तो आपल्यातला आहे. फुलं ओसरली की त्याच्या फुगीर, लवदार शेंगा शोधा. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की ती टचकन फुटते, कडा आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बिया दूर उडतात. मुलं बरोबर असतील तर या एका खेळात अर्धा तास सहज जातो.

तेरड्याच्या पायाशी केना असतो. नखाएवढं निळं फूल, सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, म्हणून उशिरा जाणाऱ्यांना ते दिसतच नाही. वाटेच्या कडेला टाकळ्याची पिवळी फुलं आणि लांब, बारीक, बाकदार शेंगा. कुर्डूचे पांढरट-गुलाबी तुरे. आघाडा, जो हरतालिकेच्या आणि गणपतीच्या पत्रीत तुम्ही बाजारातून विकत घेतलेला असतो, तो इथे कपड्यांना चिकटून घरी येतो. नशीब असेल तर एखाद्या झुडपावर चढलेली कळलावी दिसेल. तिच्या पाकळ्या वर वळलेल्या, आधी हिरवट-पिवळ्या आणि मग लालभडक, ज्वाळेसारख्या, म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. तिच्या कंदापासून फुलापर्यंत सगळं विषारी आहे, हात लावू नका. एकूणच टेकडीवरचं काही तोडू नये, आणि ओळखीशिवाय खाऊ तर मुळीच नये. कुजक्या लाकडावर उगवलेल्या अळंब्या कितीही छान दिसल्या तरी त्या डोळ्यांनीच पाहायच्या.

रुईचं झुडूप दिसलं की थांबा. पानांच्या खालच्या बाजूला पांढरे, काळे आणि पिवळे पट्टे असलेली सुरवंटं असतील. रुईचा चीक बहुतेक प्राण्यांना अपायकारक, पण ही सुरवंटं तीच पानं खाऊन वाढतात, तो कडवटपणा अंगात साठवतात आणि त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. यांचीच पुढे नारिंगी, काळ्या कडांची फुलपाखरं होतात. एकाच रुईपाशी दर तीन-चार दिवसांनी गेलात तर अंडं, सुरवंट, कोश आणि फुलपाखरू असा सगळा प्रवास महिन्याभरात पाहायला मिळेल. एक टेकडी धरून राहा असं मी म्हणते ते अशा गोष्टींसाठी. सप्टेंबर-ऑक्टोबर हा फुलपाखरांचा भर असतो. झाडी दाट असेल तिथे मोठं काळं, मागच्या पंखांवर निळी झाक असलेलं नीलवंतही दिसू शकतं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला.

आता वर बघा. ऊन पडलं आणि वारा मंद असला की माळावर चतुरांचे थवे तरंगत असतात. पिवळसर, पारदर्शक पंखांचे, खाली न बसता सतत उडणारे. लहान मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. हे भटके चतुर परतीच्या वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे सरकतात. ऑक्टोबरपासून त्यांचे थवे मालदीवच्या बेटांवर उतरतात, जिथे अंडी घालायला गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीतच, आणि तिथून ते हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात असं संशोधक मानतात. बोटाच्या पेराएवढाले पंख असलेला कीटक समुद्र पार करतो आणि त्या प्रवासातला एक तुकडा आपल्याला कोथरूडच्या डोक्यावर पाहायला मिळतो, याचं मला दरवर्षी तितकंच आश्चर्य वाटतं.

पक्ष्यांत सातभाईंचा कलकलाट ठरलेला. मोराची केकावली आता कमी झालेली असते, कारण विणीचा काळ सरला की मोर लांब पिसं गाळतो. या दिवसांत पिसाऱ्याविना फिरणारा मोर पाहून नवखे बुचकळ्यात पडतात. आणि सप्टेंबर उलटता उलटता पाण्याच्या कडेला शेपटी खालीवर नाचवणारा धोबी दिसला, की समजा हिमालयाकडचे पाहुणे यायला लागले.

दिवसभर लागून राहिला तर

असे दिवसही येतात, विशेषतः बंगालच्या उपसागरातलं एखादं कमी दाबाचं क्षेत्र महाराष्ट्रावरून सरकतं तेव्हा. मग टेकडी विसरा आणि छपराखालच्या जागा पाहा.

जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी अशा दिवशी पाहावीत. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात एकाच कातळात कोरलेलं हे शिवमंदिर रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे. अंगणात नंदीचा गोल मंडप, त्याच्या छताच्या कडेवरून पागोळ्या पडत असतात आणि आत, खांबांच्या रांगांमध्ये, रस्त्यावरचा गोंगाट पोचत नाही. वर्दळ कमी असते. शांतपणे बसता येतं.

बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अर्धा दिवस मागतं. डॉ. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या घरगुती वस्तूंचा हा संग्रह आहे. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, वाद्यं, आणि कोथरूडहून सोडवून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल. अडकित्त्यांच्या दालनात घाई करू नका. सुपारी कातरायच्या साधनाला माणसाने किती रूपं द्यावीत हे तिथे कळतं. वाचनाची आवड असेल तर लक्ष्मी रस्त्यावरच्या पुणे नगर वाचन मंदिराचे सभासद व्हा. १८४८ पासून चालू असलेलं ते ग्रंथालय आहे, आणि पावसाळी दुपारीसाठी आधीपासून दोन पुस्तकं घरात आणून ठेवणं हीच खरी पूर्वतयारी.

धरणातून पाणी सोडलं की मुठेचं रूप पाहायला गर्दी होते. बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला की शहरभर त्याची बातमी होते. पाहायचं तर संभाजी पुलावरून किंवा झेड ब्रिजवरून पाहा, नदीपात्रातल्या रस्त्यावर उतरू नका आणि गाडी तिथे लावून ठेवू नका. विसर्ग वाढवतात तेव्हा पाणी फार लवकर चढतं.

स्वयंपाकघर

कांदाभजी आणि आल्याचा चहा कुणी सांगायची गरज नाही. चहात गवती चहाची दोन पाती मात्र जरूर घाला. मंडईत जुडी मिळते, आणि एक मुळासकट गड्डा कुंडीत लावला तर वर्षभर पुरतो.

या दिवसांची खरी चैन म्हणजे ओल्या भुईमुगाच्या शेंगा. सप्टेंबरच्या अखेरीस नव्या शेंगा बाजारात येतात, मातीसकट. घेताना शेंग दाबून पाहा, टणक लागली पाहिजे आणि हलवली तर खुळखुळता कामा नये. घरी आणल्यावर मोठ्या पातेल्यात पाण्यात चोळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग शेंगा बुडतील एवढं पाणी, चवीपेक्षा जरा जास्त मीठ, थोडी हळद, आणि कुकरला तीन-चार शिट्ट्या. महत्त्वाचं पुढेच आहे. कुकर उघडल्यावर लगेच निथळू नका, अर्धा तास त्या खारट पाण्यातच राहू द्या. मीठ दाण्यापर्यंत तेव्हाच पोचतं. मग चाळणीवर काढून गरम गरमच खायला घ्या, वर्तमानपत्राचा कागद पसरून, घरातल्या सगळ्यांनी मिळून.

मक्याचं कणीस शेगडीवर भाजलेलंच खा, लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळून. पिवळं गोड मकं उकडून खायला ठीक असतं, पण भाजायला पांढरट दाण्यांचं देशी कणीस हवं. त्याला चावायला दाणा असतो आणि धुराचा वास धरतो.

अळू याच काळात भरात असतं. भाजीचं आणि वड्यांचं अळू वेगळं असतं, घेताना विक्रेत्या मावशींना स्पष्ट विचारा. अळूने घसा खाजतो तो पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून चिंचेचा कोळ आणि नीट शिजवणं या दोन्हींत काटकसर चालत नाही. पातळ भाजीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याच्या चकत्या, शेवटी गूळ. गरम भातावर ही भाजी आणि बाहेर पाऊस असेल तर जेवण लांबतं. चिरताना हाताला तेल लावून घ्या.

फळांत सासवडकडची सीताफळं आणि गाडीवरचे शिंगाडे. सीताफळ घट्ट असताना घ्या, घरी दोन दिवस ठेवून पिकवा. खवल्यांमधल्या फटी पांढरट-पिवळ्या दिसू लागल्या की ते तयार होत आलं असं समजावं. १८८६ साली सुरू झालेल्या महात्मा फुले मंडईत ही खरेदी सकाळी करा. शेवंती, झेंडू आणि निशिगंधाचे ढीगही तिथे आसपासच असतात. फुलं घ्यायची नसली तरी त्या बोळातून एकदा चालून या.

घर कोरडं ठेवा

थोडक्यात सांगते. सकाळचं ऊन पडलं की सगळी कामं बाजूला ठेवून खिडक्या उघडा, गाद्या-उशा गॅलरीत टाका, कपाटाची दारं उघडी ठेवा. दुपारी ढग भरायला लागले की सगळं आत. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते दर दोन तासांनी बदला. कुंड्यांच्या बशा, कूलर, गच्चीवरचे डबे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठवडा-दीड आठवडा लागतो. आठवड्याचा नेम पाळला की ती साखळी तुटते. सोसायटीच्या गच्चीवर कुणाची जबाबदारी असते हे विचारून घ्या, आणि कुणाचीच नसेल तर आपण घ्या.

संध्याकाळची फेरी

सर येऊन गेल्यावरची संध्याकाळ वाया घालवू नका. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, पुणे विद्यापीठाचं आवार, खडकीकडचे छावणीतले रस्ते असे जुन्या झाडांचे रस्ते चालायला निवडा. पारिजातकाचा सडा खरं तर पहाटेचा, तरी कळ्या रात्री आठच्या सुमारालाच उघडायला लागतात आणि कुंपणापलीकडून वास येतो. ऑक्टोबर लागला की सप्तपर्णी फुलते. तिचा दर्प काहींना सहन होत नाही, डोकं दुखतं, तसं असेल तर रस्ता बदला. त्याच्या मागोमाग बुचाची झाडं बहरतात. उंच, सरळ झाड, पांढरी लांब देठांची फुलं, रात्री उमलून सकाळपर्यंत रस्ताभर पडलेली. मुली त्यांचे देठ एकमेकांत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करतात. झाड माहीत नसलं तरी वासाच्या मागे जा, सापडेल.

पाऊस माघारी गेला की

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून पुण्यातून निघतो. त्यानंतरही एखादी वळवासारखी सर येते, पण दुपारचं ऊन चटके देऊ लागतं आणि पारा ३२-३३ अंशांकडे सरकतो. फिरण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घ्या, टोपी आणि पाणी वाढवा. टेकडीवरचं गवत सोनेरी होतं आणि कुसळी गवताला टोकदार कुसळं येतात. ती मोज्यांत शिरून पायाला टोचतात आणि धुतल्यावरही निघत नाहीत, म्हणून या आठवड्यांत जाड मोजे किंवा घोट्याच्या वरपर्यंतचे बूट वापरा आणि घरात शिरण्याआधी पायऱ्यांवर बसून कुसळं उपटून टाका. वाळलेलं गवत ठिणगीने पेटतं. टेकडीवर कुणी विडी-सिगारेट ओढताना किंवा शेकोटी करताना दिसलं तर त्याला सांगा, आणि वणवा लागलेला दिसला तर १०१ वर अग्निशमन दलाला लगेच फोन करून टेकडीची कुठली बाजू, जवळची कुठली वाट, हे नेमकं कळवा. महिनाभर त्याच वाटेने फिरलेला माणूस हे अचूक सांगू शकतो.